खांद्यावरचे वजन आणि रणगाड्याची ऊब : भारतीय वहनीय रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा प्रकरण अभ्यास

११ जानेवारी २०२६ रोजी अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर एका क्षेपणास्त्राने चालत्या लक्ष्याचा वरून वेध घेतला. खारे कर्जुने या गावाच्या नावातील दोन आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा परिसर चिलखती दलाच्या जवानांना नवा नाही. भारतीय रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे आणि रणगाड्यांच्या तोफांचे आवाज नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. त्या दिवशी झालेली चाचणी मात्र रणगाड्याची नव्हती, रणगाडा फोडणाऱ्या शस्त्राची होती. पायदळाच्या जवानांनी पाठीवर वाहून न्यावे, तिपाईवर ठेवून डागावे आणि डागल्यावर त्याच्याकडे वळूनही पाहू नये, असे हे तिसऱ्या पिढीचे क्षेपणास्त्र हैदराबादच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेने, म्हणजे डीआरडीएलने, घडवले आहे. सरकारी कागदपत्रांत त्याला एमपीएटीजीएम म्हणतात.

या क्षेपणास्त्राच्या कामाला २०१५ मध्ये सुरुवात झाली. त्या हिशेबाने के. के. रेंजवरची चाचणी अकराव्या वर्षी झाली. पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या आणि अडीच किलोमीटर पल्ल्याच्या या शस्त्राला एवढा काळ का लागला, त्यातला खरा कठीण भाग कोणता होता आणि तो घडत असताना सीमेवरच्या पायदळाच्या हाती काय होते, हे या प्रकरणात तपासायचे प्रश्न आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. या शस्त्राची अडचण स्फोटकात नव्हती, ती पाहण्यात होती. रणगाड्याची ऊब आणि वाळवंटाची ऊब यांतला फरक ओळखणारा डोळा जवानाच्या खांद्याला पेलेल एवढ्या वजनात बसवणे, हा या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे.

पायदळ आणि रणगाडा : जुना सामना

१९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या उसाच्या शेतांत चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि त्याच लढाईत त्यांना वीरमरण आले. त्यांच्या शौर्याला परमवीरचक्र लाभले. त्या शौर्यामागे एक क्रूर गणित होते. रिकॉइललेस तोफेचा गोळा परिणामकारक ठरण्यासाठी रणगाड्याच्या बऱ्याच जवळ जावे लागे आणि गोळा सुटताच मागे उडणारा धूर आणि धूळ तोफेची जागा उघडी करी. दुसरा गोळा भरेपर्यंत जीप हलवायची की तिथेच थांबून आणखी एक रणगाडा टिपायचा, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागे.

दिशानियंत्रित क्षेपणास्त्राने हे अंतर वाढवले, पण धोका संपवला नाही. पहिल्या पिढीत जवान छोट्या दांड्याने क्षेपणास्त्र स्वतः वळवत असे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या पायदळाने सोव्हिएत माल्युत्का क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांना जबर फटका दिला. त्यावर इस्रायली तुकड्यांनी उतारा शोधला, तो क्षेपणास्त्र जिथून सुटले त्या दिशेने ताबडतोब गोळ्यांचा वर्षाव करण्याचा. नेमबाजाने मान खाली घातली की क्षेपणास्त्र भरकटे. दुसऱ्या पिढीत दांडा गेला आणि नेमबाजाने लक्ष्यावर नुसती फुली धरून ठेवायची, बाकीचे काम यंत्रणेने करायचे, अशी सोय झाली. भारतीय पायदळाची मिलान आणि कोंकुर्स ही दोन्ही क्षेपणास्त्रे याच पिढीतली असून हैदराबादच्या भारत डायनॅमिक्स लिमिटेडमध्ये ती परवान्याखाली बनत आली आहेत.

मिलानचा नेमबाज काय करतो ते बारकाईने पाहिले, तर नव्या शस्त्राची गरज आपोआप उलगडते. तो जमिनीवर पालथा पडलेला असतो. क्षेपणास्त्र नळीतून निघते आणि त्याच्या मागे केसासारखी बारीक तार रिळावरून उलगडत जाते. याच तारेतून दुरुस्तीचे संदेश जातात. दोन किलोमीटरचे अंतर कापायला बारा-तेरा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्याला फुली हलत्या रणगाड्यावर धरून ठेवावी लागते. शेजारी गोळा पडला, डोळ्यांत माती उडाली, मित्र कोसळला, तरी नजर हटवता येत नाही. बारा सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवून एकदा मोजून पाहावे.

तिसऱ्या पिढीने नेमके हेच बारा सेकंद काढून टाकले. क्षेपणास्त्र सुटण्याआधीच लक्ष्याची प्रतिमा त्याच्या स्मरणात बसते आणि सुटल्यावर ते स्वतःच्या डोळ्याने पाठलाग करते. आपल्याकडे याला ‘डागा आणि विसरा’ म्हणतात. नेमबाज तिथून हलतो, आडोसा घेतो किंवा दुसरी नळी चढवतो.

नाग असताना दुसरे कशाला?

हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, त्रिशूल आणि आकाश यांच्याबरोबर नाग होतेच आणि ते तिसऱ्या पिढीचे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र म्हणूनच आखले गेले होते. परंतु नागचे वजन चाळीस किलोंच्या वर जाते. ते नामिका नावाच्या चिलखती वाहनावरून डागले जाते आणि त्याचा पल्ला चार किलोमीटरपर्यंत आहे. वाहन जिथे पोहोचते तिथे नाग उत्तम. लडाखमधली खिंड, पंजाबातले कालव्याचे बांध, जम्मूतील नाल्यांची वाट, अशा ठिकाणी पायदळाची तुकडी पायी जाते आणि तिला जे हवे ते पाठीवरूनच न्यावे लागते.

पंधरा किलोंच्या मर्यादेचे कारण हेच आहे. रायफल, दारूगोळा, पाणी, शिधा आणि थंडीचे कपडे यांचा भार आधीच अंगावर असलेल्या जवानाने नळीसह क्षेपणास्त्र घ्यायचे आणि जोडीदाराने दुर्बीण व नियंत्रण यंत्रणा असलेले डागणीयंत्र घ्यायचे, अशी वाटणी असते. कोंकुर्सची भरलेली नळी पंचवीस किलोंपेक्षा जड असते, त्यामुळे ती मुख्यतः वाहनावरूनच वापरली जाते. कागदावर पंधरा आणि पंचवीस हे आकडे फार दूरचे वाटत नाहीत. पंधरा हजार फुटांवर, जिथे दर वीस पावलांनी श्वास घ्यायला थांबावे लागते, तिथे ते दोन वेगळ्या शस्त्रांचे आकडे आहेत.

नागचे तंत्रज्ञान घेऊन ते लहान करायचे, असे हे काम बाहेरून दिसते. प्रत्यक्षात लहान करणे म्हणजे प्रत्येक भाग नव्याने करणे. व्यास कमी केला की स्फोटशीर्षाचा, म्हणजे चिलखत भेदणाऱ्या स्फोटक भागाचा, शंकू लहान होतो आणि भेदनशक्ती घटते. इंधन कमी केले की पल्ला घटतो. डोळ्याची काच लहान केली की दूरची ऊब कमी गोळा होते. विद्युत्‌घट लहान केला की क्षेपणास्त्राच्या मेंदूला मिळणारा वेळ कमी होतो. एका ठिकाणी वाचवलेले शंभर ग्रॅम दुसऱ्या ठिकाणी खर्च करायचे आणि तरी बेरीज पंधराच्या आत ठेवायची, ही कसरत अभियंत्याला वर्षानुवर्षे करावी लागते.

डोळा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या क्षेपणास्त्राच्या नाकाशी असलेल्या यंत्रणेला सीकर म्हणतात. तो अवरक्त किरणांतून, म्हणजे वस्तूंमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेतून, समोरच्या दृश्याची प्रतिमा बनवतो. आपल्या डोळ्याला प्रकाश लागतो, याला तापमानातला फरक लागतो. इंजिन चालू असलेल्या रणगाड्याचा मागचा भाग, धुराड्याचे तोंड, घासून तापलेली साखळी आणि चाके आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गरम असतात, म्हणून रात्रीच्या काळोखातही रणगाडा त्या प्रतिमेत उजळ दिसतो. दिवसा आणि रात्री सारखेच काम करणारे शस्त्र अशी याची ओळख करून दिली जाते, आणि ते खरेही आहे, पण त्याला एक महत्त्वाची अट आहे.

रणगाडा हा चाळीस-पन्नास टन पोलादाचा गोळा आहे. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. वाळू, खडक आणि कोरडे गवत लवकर तापते आणि लवकर निवते. दिवसभराच्या तापमानाचे दोन आलेख काढले, तर ते एकमेकांना दोनदा छेदतात, एकदा सूर्योदयानंतर काही वेळाने आणि एकदा सूर्यास्ताच्या आसपास. त्या वेळी उभा असलेला, इंजिन बंद केलेला रणगाडा आणि त्यामागची टेकडी यांचे तापमान जवळपास एकच होते आणि औष्णिक प्रतिमेत रणगाडा विरघळून गेल्यासारखा होतो. आपल्याकडे कातरवेळी दोरी आणि साप यांतला भेद कळत नाही असे म्हणतात. उष्णता पाहणाऱ्या डोळ्याचीही अशीच कातरवेळ असते, तीही दिवसातून दोनदा. थरच्या वाळवंटात त्यात भर पडते ती उन्हाळ्यातील दुपारची. मे महिन्यात तिथल्या वाळूचे पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्या वर जाते आणि उन्हात तळलेल्या पोलादाची ऊब त्या पार्श्वभूमीत हरवते.

नागच्या बाबतीत हा अनुभव महागात पडला होता. राजस्थानातील उन्हाळी चाचण्यांत लांबच्या पल्ल्यावर लक्ष्य वेगळे काढणे सीकरला जड गेले आणि अधिक सूक्ष्म प्रतिमा देणारे सीकर बनवण्यात पुढची काही वर्षे गेली. नागची अखेरची उपयोगकर्ता चाचणी २२ ऑक्टोबर २०२० रोजी पोखरणच्या रेंजवर सकाळी पावणेसात वाजता झाली. अधिकृत निवेदनात वेळ आवर्जून दिली होती. औष्णिक डोळ्याच्या शस्त्राबाबत तारखेइतकीच चाचणीची वेळही महत्त्वाची असते, हे ध्यानात ठेवले तर त्या नोंदीचे मोल कळते.

उपाय दोन अंगांनी होतो. पहिला संवेदकाचा. त्यातील सूक्ष्म पेशींची संख्या वाढवली आणि प्रत्येक पेशी अंशाच्या काही शतांश भागाएवढा फरक टिपू शकली, तर तापमान जवळजवळ सारखे असतानाही आकार ओळखता येतो. दुसरा उपाय गणिताचा. याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करून पाहू. तीन मीटर रुंदीचा रणगाडा अडीच किलोमीटरवरून पाहणे म्हणजे एक मीटर अंतरावर ठेवलेला राजगिऱ्याचा एक दाणा पाहणे. सीकरच्या प्रतिमेत तेव्हा तो अवघ्या काही ठिपक्यांचा असतो. क्षेपणास्त्र जसे जवळ जाते तसा तोच दाणा फुगत जातो आणि शेवटच्या शंभर मीटरवर जवळजवळ सगळी चौकट व्यापतो. सुरुवातीला ठिपका ओळखणाऱ्या मेंदूला अखेरीस बुरूज आणि इंजिनाचे झाकण यांतली योग्य जागा निवडायची असते, मध्ये धूर किंवा धूळ आली तरी धागा सोडायचा नसतो, आणि हे सगळे मूठभर आकाराच्या परिपथात, काही सेकंदांत, कोणाच्याही मदतीशिवाय करायचे असते. हैदराबादच्या ‘रिसर्च सेंटर इमारत’ या प्रयोगशाळेने सीकरवर केलेले काम मला या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे वाटते. कारण हे तंत्रज्ञान कोणताही देश मोकळ्या हाताने दुसऱ्याला देत नाही.

चाचणीच्या लक्ष्याबद्दलही इथेच सांगायला हवे. रेंजवर ठेवलेला निकामी रणगाडा थंड असतो. त्यावर क्षेपणास्त्र लागले तरी त्यातून सीकरची परीक्षा होत नाही. म्हणून जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने चालत्या रणगाड्याची ऊब हुबेहूब दाखवणारी औष्णिक लक्ष्य यंत्रणा बनवली. जानेवारीच्या चाचणीत क्षेपणास्त्राने याच उसन्या उबेचा माग काढला. बातम्यांत क्षेपणास्त्राचे छायाचित्र येते, लक्ष्याचे येत नाही. वास्तविक चाचणी किती प्रामाणिक आहे, हे लक्ष्यावरून ठरते.

वरून का, आणि दोन स्फोट कशासाठी

रणगाड्याचे चिलखत सगळीकडे सारखे नसते. समोरचा भाग आणि बुरुजाचा दर्शनी भाग शत्रूच्या तोफेसमोर येतो म्हणून तिथे सगळी जाडी ओतलेली असते. छतावर तेवढेच पोलाद घातले तर रणगाडा हलणार नाही, त्यामुळे तिथे काही सेंटिमीटरच मिळतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एखाद्या जुन्या रणगाड्याला चोहोबाजूंनी फेरी मारली, तर पुढचा जाडजूड उतार आणि वरची पातळ झाकणे यांतली तफावत उघड्या डोळ्यांना दिसते. वरून मारा करणारे क्षेपणास्त्र सुटल्यावर चढते आणि मग लक्ष्याच्या छतावर उतरते. अमेरिकी जॅव्हलिन या पद्धतीत सुमारे दीडशे मीटर उंचीपर्यंत जाते. लक्ष्य पुलाखाली किंवा छपराखाली असेल, अथवा अगदी जवळ असेल, तर थेट मारा करावा लागतो, म्हणून दोन्ही पद्धती ठेवलेल्या असतात.

स्फोटशीर्षात तांब्यासारख्या धातूची शंकूच्या आकाराची पातळ वाटी असते आणि तिच्या मागे स्फोटक दाबून भरलेले असते. स्फोट झाला की वाटी आतल्या बाजूने मिटते आणि धातूची बारीक सुईसारखी धार पुढे सुटते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ ते दहा किलोमीटर असतो. ही धार चिलखत वितळवते असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. एवढ्या वेगाच्या दाबापुढे पोलाद चिखलासारखे बाजूला सरते, वितळण्याचा त्यात संबंध नाही.

या धारेला उत्तर म्हणून प्रतिक्रियाशील चिलखत आले. रणगाड्यावर विटांसारखे डबे बसवतात, त्यांत दोन पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर असतो. धार लागली की डबा फुटतो आणि उडणारे पत्रे धार तोडून टाकतात. १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात इस्रायली रणगाड्यांवर ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले आणि आज आपल्या शेजारच्या दोन्ही देशांच्या आधुनिक रणगाड्यांवर त्याचे कोणते ना कोणते रूप आहे. प्रतिउत्तर म्हणून क्षेपणास्त्रात एकामागे एक अशी दोन स्फोटशीर्षे बसवतात. पुढचे लहान शीर्ष डबा फोडून वाट मोकळी करते आणि अत्यल्प अंतराने मागचे मोठे शीर्ष चिलखत भेदते. पुढच्या स्फोटाने मागच्या शीर्षाला धक्का लागता कामा नये, ही त्यातली नाजूक बाब असते. आपल्या क्षेपणास्त्राच्या या जोडशीर्षाच्या चाचण्या एप्रिल २०२४ मध्ये पोखरणला झाल्या आणि आधुनिक मुख्य रणगाडा भेदण्याची क्षमता त्यांत सिद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. स्फोटकांच्या मागे चंदीगडची टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळा आणि पुण्याच्या सुतारवाडीतील हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी यांच्यासारख्या संस्थांचे हात आहेत. पुण्यातून बावधन किंवा पाषाणकडे जाताना ज्या भिंतींशेजारून आपण सहज पुढे निघून जातो, त्यांच्या आत असे काम चालते.

सुटण्याची क्रियाही वेगळी आहे. मुख्य मोटर नळीतच पेटली तर तिची झळ नेमबाजाच्या तोंडावर येईल. म्हणून या वर्गातल्या शस्त्रांत एक छोटी मोटर क्षेपणास्त्राला हलकेच बाहेर ढकलते आणि ते काही अंतर पुढे गेल्यावर मुख्य मोटर पेटते. पुढे पंखांना वळवण्याचे काम लहान विद्युत्‌यंत्रे करतात. नेमबाजाची दिवसरात्र चालणारी दुर्बीण डेहराडूनच्या आयआरडीई या प्रयोगशाळेच्या प्रकाशविज्ञानातून आली आहे.

घ्यायचे की घडवायचे

तंत्राइतकीच गुंतागुंत निर्णयात होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अमेरिकी जॅव्हलिनऐवजी इस्रायलच्या स्पाइकला पसंती दिली. त्या वेळच्या वृत्तांनुसार व्यवहार ८,३५६ क्षेपणास्त्रे आणि ३२१ डागणीयंत्रे यांचा, सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा होता. तंत्रज्ञान देण्याची तयारी हा त्या निवडीतला मोठा मुद्दा होता. पुण्याच्या कल्याणी समूहाने इस्रायली राफेल कंपनीच्या भागीदारीत हैदराबादला कारखानाही उभारला. जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला व्यवहार रद्द झाल्याचे राफेलने सांगितले, त्याच महिन्यात इस्रायलचे पंतप्रधान दिल्लीत असताना तो पुन्हा मार्गी लागत असल्याचे सांगितले गेले, आणि अखेरीस २०१९ मध्ये लष्कराने तातडीच्या अधिकारांतून मोजकीच स्पाइक घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशातील महू येथे ती डागून पाहण्यात आली.

मधल्या काळात पायदळाची गरज कशी भागली? मार्च २०२१ मध्ये भारत डायनॅमिक्सशी ४,९६० मिलान-२टी क्षेपणास्त्रांचा १,१८८ कोटी रुपयांचा करार झाला. त्याचा पल्ला १,८५० मीटर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोंकुर्स-एमसाठी ३,१३१.८२ कोटी रुपयांचा करार झाला. दोन्ही क्षेपणास्त्रे दुसऱ्या पिढीची आहेत. लडाखमध्ये मे २०२० पासून तणाव होता, दोन्ही बाजूंचे रणगाडे समोरासमोर आले होते, आणि तरीही सर्वांत मोठ्या संख्येने जी शस्त्रे मागवली गेली त्यांच्या नेमबाजाला लक्ष्यावर नजर धरून पडून राहायचेच होते. या खरेदीला मी दोष देत नाही, कारण रित्या हाताने उभे राहण्यापेक्षा मिलान हाती असणे केव्हाही चांगले. दोष धरसोडीचा आहे. स्वदेशी क्षेपणास्त्र करायचे हा निर्णय योग्य होता, असेच माझे मत आहे. परंतु ते तयार होईपर्यंतच्या दशकासाठी तिसऱ्या पिढीची पुरेशी शस्त्रे बाहेरून घ्यायची की नाही, याचा एकच ठाम निर्णय घेऊन तो पाळायला हवा होता. मंजुरी, रद्द, पुन्हा चर्चा आणि मग तातडीची तुटपुंजी खरेदी, या क्रमात वेळ गेला आणि त्याची किंमत पायदळाने मोजली.

चाचण्यांचा क्रम

चाचण्यांची मालिका नीट पाहिली तर काम कसे पुढे सरकले ते दिसते. १६ सप्टेंबर २०१८ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या रेंजवर, सलग दुसरे यशस्वी उड्डाण झाले. मार्च २०१९ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात चाचण्या झाल्या. ११ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशातील कुर्नूलच्या रेंजवर तिपाईवरून डागलेल्या क्षेपणास्त्राने रणगाड्यासारख्या लक्ष्याचा वरून वेध घेतला. २१ जुलै २०२१ च्या चाचणीत किमान पल्ला तपासला गेला. लांब पल्ल्यापेक्षा किमान पल्ला सोपा, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण जवळच्या लक्ष्यासाठी क्षेपणास्त्राला सुटणे, सावरणे, लक्ष्य पकडून ठेवणे आणि स्फोटशीर्ष सज्ज करणे ही सगळी कामे दोन-तीनशे मीटरच्या आत उरकावी लागतात. त्या वेळी मारा थेट पद्धतीने झाला. २०२४ मध्ये पोखरणला जोडशीर्षाच्या आणि पुढे ऑगस्टमध्ये पुन्हा उड्डाणाच्या चाचण्या झाल्या. स्थिर लक्ष्य, मग जवळचे लक्ष्य, मग खरे चिलखत आणि शेवटी चालते लक्ष्य, अशी ही चढण आहे.

एक गोंधळ इथेच दूर करतो, कारण मराठी वृत्तपत्रांतही तो वारंवार होतो. सप्टेंबर २०२० मध्ये के. के. रेंजवरच अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून डागलेल्या क्षेपणास्त्राने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले होते. ते पुण्याच्या एआरडीई या संस्थेने विकसित केलेले लेसरनियंत्रित क्षेपणास्त्र होते. त्याला लेसरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. पायदळाच्या या क्षेपणास्त्राशी त्याचा थेट संबंध नाही, रेंज तेवढी एक आहे.

त्याच २०२० साली रेंजच्या विस्तारात जमिनी जातील या भीतीने आसपासच्या तीन तालुक्यांतील गावे हवालदिल झाली होती. देशाच्या संरक्षणासाठी रेंज हवी आणि बागायतदाराला त्याची विहीर हवी, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शस्त्राच्या खर्चाचा हिशेब मांडताना या भागाने सोसलेल्या अनिश्चिततेची नोंद व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

कारखान्याचा प्रश्न

युक्रेनच्या युद्धाने वहनीय क्षेपणास्त्रांची ताकद जगाला दाखवली, तशीच त्यांची भूकही दाखवली. अमेरिकेने २०२३ पर्यंत युक्रेनला साडेआठ हजारांहून अधिक जॅव्हलिन दिली, तर वर्षाचे उत्पादन तेव्हा सुमारे २,१०० होते आणि ते चार हजारांच्या जवळ नेण्याची घाई उत्पादकांना करावी लागली. सीकर हा या शस्त्रातला सर्वांत महाग आणि सर्वांत सावकाश बनणारा भाग आहे. प्रयोगशाळेत दहा उत्तम सीकर बनवणे आणि कारखान्यात दरमहा शेकडो एकसारखे बनवणे, यांत फार मोठे अंतर असते. भारत डायनॅमिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांना विकासाच्या टप्प्यातच उत्पादन भागीदार केले आहे, ते या दृष्टीने शहाणपणाचे झाले.

स्वस्त ड्रोनने रणगाडे फुटू लागल्यावर अशा क्षेपणास्त्राची गरज उरते का, असा प्रश्न आता विचारला जातो. रेडिओवर चालणारा ड्रोन जॅमरने थांबवता येतो, वाऱ्यापावसात तो अडखळतो आणि त्याच्या चालकाला अखेरपर्यंत पडद्याकडे पाहावे लागते, म्हणजे मिलानच्या नेमबाजाचेच बंधन वेगळ्या रूपात परत येते. सुटल्यावर कोणाशीही संपर्क न ठेवणाऱ्या क्षेपणास्त्राला जॅमरने अडवता येत नाही. त्याला अडवायला अवरक्त किरण रोखणारा धूर किंवा येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी इस्रायलच्या ट्रॉफीसारखी यंत्रणा लागते. दोन्ही शस्त्रे पायदळाला हवीत, एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने भारताला १०० जॅव्हलिन आणि २५ डागणीयंत्रे विकण्यास मंजुरी दिली, अंदाजे किंमत ४ कोटी ५७ लाख डॉलर. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत के. के. रेंजवर स्वदेशी क्षेपणास्त्राने चालते लक्ष्य वरून टिपले. ती चाचणी जानेवारीतली होती. दख्खनच्या पठारावर त्या महिन्यात हवा थंड असते आणि जमीन फार तापलेली नसते. पायदळ हे क्षेपणास्त्र स्वीकारेल ते त्याने मे महिन्याच्या दुपारी थरच्या वाळूत आणि सूर्यास्ताच्या त्या अर्ध्या तासात, इंजिन बंद करून उभा असलेला रणगाडा टेकडीपासून वेगळा ओळखून दाखवल्यावर.